चहा माघारी

ऐक गं, नुसतं ऐक, मधे तोंड घालू नको. तर दीपमाला भर दुपारी किटली घेऊन मुकादमाच्या घराकडं निघालीय. किटलीला फडकं गुंडाळलेलं, दुसऱ्या हातात दोन कपबश्या, आणि वीस पावलं मागं तिचा नवरा पंडित, पायात चप्पल घालायचंही भान नाही. दर चार घरांनी तो म्हणतोय, दीपे, माघारी फिर. ती काही वळून बघत नाही.

झालं काय, सकाळी पंडित बाजाराला पाटोद्याला गेलता. स्टँडसमोरच्या हॉटेलात बद्रीनाथ मुकादम बसलेला. त्यानं हाक मारली, शेजारी बसवलं, चहा सांगितला. पंडितनं गप्पांच्या नादात बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला, वर आणखी एक घेतला. मग मुकादम उठला आणि सांगून गेला की मंगळवारी ट्रक लागेल, माजलगावकडं ऊसतोडीला जायचंय, नवराबायको दोघं तयार राहा.

आता आमच्या वाडीची रीत अशी, की दसऱ्याच्या तोंडावर मुकादमाचा चहा कुणी उगाच पीत नाही. प्यायला की शब्द दिला. कागद नाही, अंगठा नाही, नुसता चहा. ज्याला जायचं नसतं तो त्या दिवसांत जळजळ होतेय म्हणून छातीवर हात ठेवतो आणि सटकतो. आणि हा बाबा दोन कप पिऊन आला. वर बायकोला सांगतो काय, “त्यात विलायची व्हती गं.”

दीपमालाचं डोकंच फिरलं. का, ते सांगते. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. आईबाप ऊस तोडायला निघालेले, पोर ठेवायची कुणापाशी, म्हणून उरकून टाकलं. तेव्हापासून सतरा वर्षं तीही ऊसच तोडतेय. तिच्या जन्मात दुधाचा चहा म्हणजे गुढीपाडवा ते दसरा. बाकीचे सहा महिने फडावरच्या पाचटाच्या कोपीत कोरा, गुळाचा, काळाकुट्ट. गाय इकडं वाडीत सासूपाशी, दूध कुठून आणणार? पाडव्याला माघारी आली की सासू आधी चुलीपाशी बसवायची. आलं ठेचायची, पत्तीला तीनदा उकळी आणायची, मग दूध, मग परत तीन उकळ्या. सासू सांगायची, माझ्या लहानपणी वाडीत चहा म्हणजे औषध होतं, ताप आला तरच मिळायचा, आम्ही पोरी मुद्दाम कण्हायचो. तो तांबूस चहा बशीतून आत गेला की दीपमालाच्या अंगातला शीण उतरायचा, तेव्हा कुठं तिला घरी आल्यासारखं वाटायचं.

ती सासू उन्हाळ्यात वारली. पोरगी, आरोही, दहावीत. आजवर आजीपाशी राहून शिकली, आता कुणापाशी राहणार? केजचं एक स्थळ विचारूनही गेलं होतं. पोरीचं वय पंधरा. बघ म्हणजे.

म्हणून दीपमालानं काय केलं, गायीचं सकाळचं होतं नव्हतं तेवढं दूध पातेल्यात ओतलं, पाण्याचा थेंब नाही घातला, चहा केला आणि निघाली.

मुकादमाच्या ओट्यावर चार माणसं पानतंबाखू खात बसलेली. बायका त्या ओट्याच्या खालीच पदर सावरून उभ्या राहतात. ही चढली, मुकादमापुढं मांडी घालून बसली आणि कप भरला.

“वहिनी, हे काय?”

“सकाळी ह्यांनी तुमचा घेतला, आता तुमी आमचा घ्या. फिट्टंफाट. आमी काय येत न्हाई, पोरगी दहावीला हाय.”

माणसं हसली. एकजण पंडितला म्हणाला, बायकोला म्होरं घालून तिकडं काय उभा बे.

मुकादम कपाला हात लावेना. तोही काय खुळा नव्हता. शब्द म्हणजे तुझ्या घरची किटली हाय का, आणली आणि नेली, असं म्हणाला. मग म्हणाला, दहावी-दहावी काय लावलंय, आमच्या टोळीतल्या पोरी शिकत न्हाईत का?

“एकीचं नाव सांगा,” दीपमाला म्हणाली. “शिकली आन् लग्न न्हाई झालं, अशी एक.”

मुकादमानं वर बघितलं, पत्र्याकडं बघितलं. एक नाव सापडेना. चहावर साय धरली.

तेवढ्यात आतून त्याची आई आली, छबुबाई. सत्तरीची असेल. उमेदीत तिनंही ऊस तोडलेला, डाव्या हाताचं एक बोट तिकडंच राहिलंय. पाहुणीनं ओतलेला चहा आपल्या ओट्यावर तसाच निवतोय म्हणल्यावर तिनं पोराकडं बघितलं. मग वाकून कपबशी उचलली, साय फुंकरीनं बाजूला केली आणि उभ्या उभ्या सगळा प्याली.

“आई, शब्द माझा हाय.”

“ओटा माझा हाय,” म्हातारी म्हणाली. “आलं झ्याक पडलंय गं. जा घरला.”

मंगळवारी ट्रक गेला, यांच्यावाचून. जाताना मुकादम सगळ्यांदेखत सांगून गेला, ह्या घराला इथून पुढं कोणताच मुकादम विचारणार न्हाई. आणि तो करेल तसं. पंडित आता मिळेल त्याच्या रानात रोजानं जातो, आठवड्यातले तीन दिवस घरीच बसतो. पोरांचा गलका नाही, भांडणं नाहीत, अख्ख्या आळीला कुलपं. आरोही शाळेला जाते तेव्हा तिच्या पावलांचा आवाज टोकापर्यंत ऐकू येतो. आणि दीपमाला रोज सकाळी आपल्या दारात सडा टाकते, मग घागर घेऊन शेजारच्या बंद दारांपुढंही टाकत जाते, एकेक करत, पार शेवटच्या घरापर्यंत.

आता बोल. तू असतीस तिच्या जागी, तर काय केलं असतंस?