भर जानेवारीतला चिखल

चंद्रभागाबाईंना आयुष्यात किती रस्ते केले, हे विचारू नये. त्या सांगत बसतात आणि ऐकणाऱ्याची बस चुकते. सिन्नरपासून निफाडपर्यंत तीस वर्षं त्यांनी मुरूम पसरला, खडी ओढली, रोलरपुढे पाणी मारलं. पाटी लागली ठेकेदाराची, शाबासकी मिळाली मुकादमाला, आणि घमेलं तेवढं चंद्रभागाबाईंचं. यंदा मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर पहिलं काम धरलं होतं. सोबत त्यांच्याच जुन्या टोळीतल्या पाच बाया होत्या.

काम तसं छोटंच. निफाडजवळ कारभारी नावाच्या बागायतदाराने द्राक्षबागेतच पॅकहाऊस बांधलं होतं. डांबरी रस्त्यापासून तिथवर काळ्या मातीतली वाट होती, ती पक्की करायची होती. शुक्रवारी त्या वाटेने परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचा कंटेनर निघायचा होता. अडचण एकच. वाटेच्या मधोमध एक खड्डा होता आणि दोन वर्षं तो ट्रॉल्यांवर ट्रॉल्या मुरूम गिळत होता. गेल्या हंगामात भरलेला ट्रक तिथेच रुतला होता आणि माल दिवसभर उन्हात बसला होता.

"कंटेनर रुतला तर?" कारभारींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तर मी परत रस्त्याला हात लावायची नाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

हे त्या तोऱ्यात बोलल्या खऱ्या, पण ते खोटं नव्हतं. बाईमाणूस ठेका घेतं म्हटल्यावर पंचक्रोशी टपूनच बसली होती. एक चाक जरी रुतलं असतं, तरी त्यांना दुसरं काम कुणी दिलं नसतं.

सोमवारी टोळीने खड्ड्यातला चिखल उपसला. पावसाळा संपून तीन महिने झाले होते, आणि ही माती हाताला भाताच्या पेजेसारखी लागत होती. खाली बोटभर पाणी साचू लागलं.

"हे पुंजातात्याचं पाणी," कारभारींनी बांधापलीकडच्या उसाकडे हात केला. "मोकाट पाणी सोडतो उसाला. दोन वर्षं झाली, शिव्या घालून आलो, तवापासून मी त्याच्याशी बोलत नाय. तुम्ही दगड टाका अन् बुजवा."

"पाण्यावर दगड टाकला तर दगड बुडतो, भाऊ. पाणी नाय बुडत."

त्यांनी टोळीला बसवलं आणि स्वतः खड्ड्याच्या काठावर बसून राहिल्या. कारभारी चरफडत दोनदा येऊन गेले. चार दिवसांचं काम आणि ही बाई चिखलाकडे बघत बसते, म्हणजे काय? संध्याकाळी चारनंतर पाणी वाढायचं थांबलं. मग त्यांनी राहिलेलं पाणी घमेल्याने काढून टाकलं आणि घरी गेल्या.

मंगळवारी सकाळी सातला खड्डा कोरडा होता. आठ वाजून गेले आणि तळाची माती ओलसर दिसू लागली. साडेआठला पाणी चमकलं.

"भाऊ, तुमच्याकडं लाईट कधी येते?"

"या आठवड्यात सकाळी आठ ते चार. का?"

"ऊस काय घड्याळ बघून झिरपत नाय. ही मोटारीची लाईन फुटलेली हे."

कारभारींचा चेहरा उजळला. दोन वर्षं ते म्हणत होते तेच निघालं. "मग तात्याचीच. त्याची बी मोटार आठलाच चालू होती."

"आसंल. पण त्यांना सांगायला तुम्ही जायचे नाय. आधी तुमची बंद करा, ती तर तुमच्या हातात हे."

आपलं निर्दोषत्व सिद्ध करायची इतकी सोपी संधी कोण सोडेल? कारभारी ऐटीत गेले आणि मोटार बंद करून आले. बायांनी पाणी उपसलं. पुंजातात्यांची मोटार पलीकडे घरघरत होती. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. खड्ड्यात थेंब आला नाही.

"परत चालू करा," चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या.

मोटार चालू झाली आणि पाणी आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मोटार पुन्हा बंद करून टोळीने हात-दीड हात आणखी खोदलं, तेव्हा कारभारींच्या वडिलांनी टाकलेला पाईप उघडा पडला. त्याला चीर गेली होती, आणि चिरेवर एक भलामोठा दगड बसला होता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात छोटासा खड्डा पडला, तेव्हा रागारागाने ट्रॉलीभर दगड टाकले होते ते कारभारींनीच. त्यांनी तो दगड ओळखला. चंद्रभागाबाईंना त्यांची दया आली, पण काम दयेने होत नाही.

"पाईप आज सांधून घ्या, अन् रस्त्याखाली त्याच्यावर मोठा लोखंडी पाईप चढवा. पण अजून एक हे. रस्त्याच्या कडंला चर खणू, त्याचं पाणी तात्यांच्या बांधातून वढ्याला काढायला लागंल. नायतर पावसाळ्यात पुन्हा हेच. ते इचारल्याबिगर मी मुरमाचं घमेलं टाकायची नाय."

"तुम्ही इचारा ना, बाई."

"शिव्या मी नव्हत्या दिल्या."

कारभारी गेले. लांबून दिसलं ते एवढंच: दोन माणसं उसाच्या कडेला उभी, एकाची मान खाली. मग पुंजातात्या खांद्यावर फावडं टाकून आले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी बांध फोडायला घेतला. चंद्रभागाबाईंचे डोळे भरून आले, पण टोळीसमोर त्यांनी ते धुळीवर ढकललं.

पुढचे दोन दिवस कुणी बसलं नाही. तळाला मोठा दगड, वर खडी, त्यावर मुरूम, आणि प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. मधे उंच आणि दोन्ही कडांना उतार, कासवाच्या पाठीसारखा. गुरुवारी संध्याकाळी चंद्रभागाबाईंनी मधोमध कळशी ओतली. पाणी दोन्हीकडे पळालं.

शुक्रवारी रिकामा कंटेनर आत आला, तेव्हा बाया हसल्या. चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. रिकाम्याचं काय कौतुक? दुपारी तो भरून निघाला. त्या जुन्या खड्ड्याच्या कडेला चपला काढून उभ्या राहिल्या. चाकं एकामागून एक शेजारून गेली. पायाखाली जमीन किंचित थरथरली, पण दबली नाही.

डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत सगळे गाडीमागून चालत गेले, तिथे ड्रायव्हरने गाडी थांबवून मान बाहेर काढली. "रस्ता झकास केला. ठेकेदार कोण?"

"या," कारभारी म्हणाले. "चंद्रभागाबाई."

तीस वर्षांत या प्रश्नाला त्यांचं नाव पहिल्यांदा उत्तर म्हणून आलं होतं. त्यांनी नुसतीच मान हलवली.

कंटेनर वळून गेल्यावर पुंजातात्या जवळ आले. त्यांनी आधी आपल्या वस्तीच्या वाटेकडे पाहिलं, मग कारभारींकडे.

"बाई, माझ्या बी वाटेत एक जागा कायम वली राहती. दोन वर्षं मी म्हणतो, ह्या कारभारीचं पाणी."

कारभारींनी मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं.

"सोमवारी येते," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मोटार चालू ठेवा."