मागची शिवण

टेलरबाईचा नवरा शाळेची बस चालवायचा आणि मन खट्टू झालं की खायचा. कुणी लागट बोललं, की घरी येईपर्यंत बिस्किटांचे दोन पुडे फस्त. उलट भीती वाटली की घशाखाली पाणीही उतरायचं नाही. एकदा रक्तात साखर थोडी जास्त निघाली, तर या गड्याने अन्नच सोडलं आणि चक्कर येऊन बस कुंपणात घातली. नशीब, आत मुलं नव्हती. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "हात दाखवून अवलक्षण कशाला? माझी पॅन्ट सांगते मला. ती कमरेला बसतेय तोवर मी ठणठणीत."

पॅन्ट शिवणारी होती बायको. त्यामुळे पॅन्ट काय सांगणार, हे तिच्या हातात होतं. तो सुटायला लागला तेव्हा ती गुपचूप मागची शिवण उसवून, आत राखलेल्या कापडातून बोटभर सैल करून द्यायची. जाड झालो हे कळलं तर खट्टू होईल, खट्टू झाला तर आणखी खाईल. नवऱ्याला लेकरासारखं जपणाऱ्या बायका असतात, ही त्यातली. आणि तिला त्याचा अभिमानही होता.

मग एका उन्हाळ्यात तीच पॅन्ट त्याच्या कमरेवरून घसरायला लागली. पथ्य नाही, व्यायाम नाही, आणि माणूस उतरतोय. टेलरबाई मशीनवर नुसती बसून राहिली. सांगावं तर हा घाबरणार, घाबरला की जेवण सोडणार. आधीच वाळतोय, त्यात उपास म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. उन्हाने उतरला असेल, भरेल पुन्हा, असं तिने स्वतःला समजावलं. शिवण आत घेतली, इस्त्री फिरवली आणि पॅन्ट खुंटीला अडकवली.

काही दिवसांनी पुन्हा घ्यावी लागली. मग पुन्हा.

नणंद बऱ्याच महिन्यांनी आली आणि दारातच थबकली. "दादा, काय रे हे? किती वाळलास!"

"वाळलो? ही बघ." त्याने कमरेत बोट घालून दाखवलं, ते जेमतेम शिरलं. "तीच पॅन्ट. तू आधी तुझा चष्मा बदल."

स्वयंपाकघरात नणंदेने टेलरबाईचा दंड धरला. "वहिनी, तुला दिसत नाही का गं?"

"वन्सं, हळू बोला. ऐकलं तर जेवायचे नाहीत ते."

त्या दिवशी तो गप्पा मारत दोन घास जास्तच जेवला. टेलरबाईला वाटलं, आपण जिंकलो.

पुढे खाल्लेलं पोटात ठरेना, तेव्हा दवाखाना गाठावाच लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?"

"कमी कुठे?" तो म्हणाला. "हिला विचारा, ही शिवते. माझी तीच पॅन्ट आहे."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

"मी आत घेतली," टेलरबाई म्हणाली. "वर्षभर घेतेय."

त्याने हात मागे नेऊन शिवण चाचपली.

जठरात गाठ होती आणि ती पसरली होती. लवकर आला असता तर कापून काढता आली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता औषधांवरच भिस्त. पण ती झेपायला अंगात ताकद हवी. जमेल तेव्हा, जमेल तेवढं खा."

घरी आल्यावर त्याने अन्न सोडलं ते सोडलंच. अगदी तिने ओळखलं होतं तसंच. त्याच ओळखीच्या भरवशावर तिने वर्ष घालवलं होतं, आणि आता तिला स्वतःचे हात नकोसे झाले होते.

मऊ भात कालवून ती त्याच्यासमोर बसली. "अहो, चार घास तरी खा ना."

"खरं सांग," तो म्हणाला. "होईन मी बरा?"

"होईन का म्हणजे? होणारच!"

तो ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, तर तिला चाललं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि समजूत काढावी तसा हळूच म्हणाला, "तू असंच म्हणणार गं." मग ताट तिच्याकडे सरकवलं.