आई, किल्ली कुठंय?

सातारा परिसरातल्या त्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी हाक यायची, "आई, किल्ली कुठंय?" की यमुनाबाई पदराला हात पुसत निघाल्याच! किल्ली, चष्मा, टँकरवाल्याचा नंबर, नळाला पाणी यायचा वार, सगळं त्यांच्या डोक्यात. यजमान गेल्यापासून मंदारच्या या हाकांवरच त्यांचा दिवस निघायचा.

दुष्काळाचं वर्ष. शहर बायपासच्याही पलीकडे पसरलेलं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मंदारच्या फोनवर कंपनीचे, सोसायटीचे, टँकरचे निरोप नुसते आदळत. पोराचं डोकं पार भंजाळलं. कुठून तरी त्यानं मेंदूवरचं जाडजूड पुस्तक आणलं. डोक्यात कोंबायचं नाही म्हणे, प्रत्येक गोष्टीला बाहेरच जागा ठरवून द्यायची. झालं! दाराशी किल्लीची खुंटी आली, टँकरचे नंबर भिंतीवर गेले.

"आता तुला त्रास नाही, आई."

त्रास? कोण मेलं म्हणालं होतं त्रास? घर चिडीचूप झालं. दिवसचे दिवस कुणी हाक मारेना. बाई न्हाणीघरात जाऊन रडल्या. मग एका सकाळी त्यांनी किल्ली खुंटीवरून काढली आणि पिठाच्या डब्यात टाकली.

"आई, किल्ली कुठंय?"

अहाहा! धावतच गेल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र पिठानं माखलेली किल्ली हातात घेताना मंदारचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, आज तारीख काय?"

"तारीख कोण ध्यानात ठेवतंय? परवा नळ आला होता बघ."

तो मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. "तुला विसर पडायला लागलाय गं आई."

यमुनाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. "अरे वेड्या, मीच लपवली रे! तू हाक मारावीस म्हणून."

त्यानं त्यांचा हात घट्ट धरला. "असू दे. पुस्तकात आहे. विसरलेलं झाकायला अशी माणसं काहीबाही रचून सांगतात."

पुस्तकात आहे! आता पुस्तकापुढं आईनं काय बोलावं?

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तो म्हणाला, "तू बाहेर पडून हरवलीस तर मी काय करू?" आणि त्यानं बाहेरून कुलूप लावलं.

किल्ली त्याच्या खिशात आहे, हे यमुनाबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी लिफ्ट खाली जाईपर्यंत दाराला हात लावून त्या हाका मारत राहिल्या, "मंदार, किल्ली कुठंय रे?"