पिवळी गारगोटी

"हे टोपलं कोणाचं आहे?" सिंधूताईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "माह्या डोक्यावर कधी टोपलं होतं, सांगा बरं मले."

स्वानंदने चित्र थांबवलं. पडद्यावर सिंधूताई डोक्यावर दगडांचं टोपलं घेऊन माळरानात उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

"ताई, त्यानं गावाकडचा फील येते."

विदर्भातल्या खडकांवरचा स्वानंदचा माहितीपट आज संध्याकाळी चॅनेलकडे जायचा होता. चॅनेलची अट होती, सोबत तक्ता भरून पाठवा. बाया किती, खेड्यातली माणसं किती, किती सेकंद दिसली. शंभरात साठ गुण नसले तर माहितीपट परत. तक्ता भरायला मयुरा नावाची मुलगी बसली होती. त्यावर सही करायची म्हणून सिंधूताई हुडकेश्वरहून दोन ऑटो बदलून मिहानजवळच्या या स्टुडिओत आल्या होत्या.

टोपलं त्यांनी सोडून दिलं असतं. कारण पुढे त्यांचं नाव येणार होतं. एकतीस वर्षं त्यांनी खडकांच्या प्रयोगशाळेत काप घासले. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि केसाच्या निम्मी जाडी उरेपर्यंत खरखरीत पुडीवर हातानं घासायची, म्हणजे दगडातून उजेड आरपार जातो. त्या कापांवर साहेब लोकांनी निबंध लिहिले, डॉक्टर झाले, परदेशी जाऊन आले. सिंधूताईंचं नाव कोणत्याच निबंधात आलं नाही. शेवटच्या पानावर चहावाल्याचे आभार मानलेला एक निबंध मात्र त्यांनी स्वतः पाहिला होता. आता नाव येणार, हे त्यांनी पारशिवनीला भावजयीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

चित्र पुढे सरकलं. नेलपॉलिश लावलेले गोरे हात काचेवर दगड घासू लागले.

"हे हात कोणाचे?"

"आमच्या श्वेताचे. तुमचे हात जवळून चांगले दिसत नव्हते, ताई."

सिंधूताईंनी हात पदराखाली घेतले. पुडीवर घासून घासून त्यांच्या बोटांच्या रेषाच उरल्या नव्हत्या. आत येतानाही गेटवरच्या मशीननं तीनदा बोट नाकारलं होतं.

"सरळ घासून राहिली ते. आठाच्या आकड्यात फिरवा लागते, नाई तं एक बाजू जाड राहते."

तेवढ्यात सूक्ष्मदर्शकाखालचा काप पडदाभर पसरला आणि खाली अक्षरं उमटली: काप – सिंधूताई भोयर.

एकतीस वर्षांनी. आणि वर गारगोटीचे कण पिवळेधमक.

"पिवळी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मस्त दिसते ना?"

"काप जाड राहिला म्हणून पिवळी आहे. बरोबर घासली तं गारगोटी राखाडी दिसते. असा काप मी कचऱ्यात टाकत होती. हा काप माहा नाई, अन् त्याच्याखाली माहं नाव?"

"हजारात एकाला कळन, ताई."

"तो एक मी आहो ना गा. उद्याचा दिवस द्या, नवा काप करून देते."

"आजच पाठवायचं आहे."

"मंग नाव काढा."

स्वानंदचा आवाज खाली आला. "असं नका करू. बाई, खेडं, कामगार, तिन्ही रकाने तुमच्या एकटीवर भरले आहेत. पंचवीस गुण आहेत तुमचे. तुम्ही गेल्या तं पिक्चरच बसते."

"म्हंजे बाई पाह्यजे, खेडं पाह्यजे, कामगार पाह्यजे. काम काहून नाई पाह्यजे?" मग त्या मयुराकडे वळल्या. "तू काय लिहून राहिली वं?"

मयुरानं खाली बघतच वाचलं. "महिला, एक. ग्रामीण, एक. दिसण्याचा वेळ, एकोणीस सेकंद. बोलण्याचा वेळ…" ती थांबली. "शून्य."

"अन् काम बरोबर दाखवलं का, असा रकाना?"

"नाही आहे, आजी."

"दे तो पेन."

स्वानंदनं सुटकेचा श्वास सोडला. सिंधूताईंनी चष्मा नीट केला आणि सहीच्या जागेवर, फेकायच्या कापाच्या पाकिटावर लिहीत तशाच अक्षरात लिहिलं: काप जाड आहे. नापास.

मयुरानं तो कागद स्वानंदनं मागायच्या आत फाइलमध्ये लावला.

गेटवर मशीननं पुन्हा लाल दिवा दाखवला.

"बोट पुसून ठेवा, मावशी," चौकीदार म्हणाला. "काहीच उमटून नाई राहिलं."

"पुसलेलंच आहे ते," सिंधूताई म्हणाल्या. "दार उघड, बाबू."