लायलची हाक, रेमीची हाक

अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटरला जग उलटं दिसतं. चेंडू जमिनीवर टेकवायचा, त्यावर ओणवं व्हायचं आणि दोन पायांमधून मागे बघायचं. वर गवत, खाली आभाळ, आणि पाच पावलांवर गवताला पायांनी लटकलेला, डोकं आभाळात बुडालेला क्वार्टरबॅक. त्यानं 'सेट' म्हटलं की अंग आवळायचं, 'हट' म्हटलं की चेंडू पायांमधून त्याच्या छातीकडे फेकायचा. पुढे तो चेंडू लांब फेकतो, त्याचं नाव होतं, त्याचा फोटो छापून येतो. सेंटर तोवर समोरच्या दीडशे किलोच्या गड्याशी झोंबत असतो आणि त्याच्याकडे फक्त त्याची आई बघत असते.

मी चौथीत असल्यापासून लायल कुचेराच्या हाकेवर चेंडू देत आलो. आम्ही एकाच गावचे. नेब्रास्कातल्या आमच्या गावात मक्याशिवाय काही उंच वाढत नाही, लायल तेवढा वाढला. पुढे प्लॅट नदीकाठच्या कॉलेजातही दोघं एकदमच आलो, आणि तीन वर्षं एकदमच बाकावर बसलो. तो राखीव क्वार्टरबॅक, मी राखीव सेंटर. तीन वर्षांत पहिल्या क्वार्टरबॅकला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. आमचे आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात सराव करायचो, रोज, 'सेट-हट', 'सेट-हट'. त्याची हाक दार आपटल्यासारखी, झटकन. ती ऐकून माझा हात हलायचा, मला मधे यावंच लागत नसे.

आता पुढचे सगळे पास होऊन गेले होते. मी पहिला सेंटर झालो होतो, आणि येणारा हंगाम आम्हा दोघांचा शेवटचा. लायल या वर्षी खेळला तर खेळला. मी त्याला सांगून ठेवलं होतं, "तूच खेळणार. माझ्या हातातला चेंडू दुसरं कोण घेणार?"

आणि जानेवारीत, गुडघाभर बर्फातून, लुईझियानाच्या कॉलेजातून बदली घेऊन रेमी गिड्री आला, तोही क्वार्टरबॅक. अंगावर उन्हाळी जाकीट, पायात कापडी बूट. पहिल्या दिवशी मार्लीनच्या खानावळीत आम्ही त्याला कोबी आणि खिमा भरलेला पाव खायला घातला. त्यानं तो फोडून आत बघितलं.

"ह्यात तिखट कुठंय?"

"तिखट?" मार्लीन म्हणाली. "बाळा, मिरी घातलीय की त्यात!"

रेमीनं खिशातून बाटली काढली आणि पाव लालेलाल करून खाल्ला. लायल माझ्या कानाशी म्हणाला, "हा मार्चपर्यंत पळून जाईल बघ."

मार्चमध्ये नदीच्या वाळूवर हजारो क्रौंच उतरले, त्यांच्या आवाजानं पहाट भरून जायला लागली, आणि रेमी काही पळाला नाही. उलट त्यानं चेंडू फेकायला घेतला की आम्ही सगळे आपापलं काम विसरून बघत राहायचो. चेंडू हातातून सुटायचा, वर जायचा आणि खाली यायची घाईच नसायची त्याला. खाली कुणीतरी धावत असायचं, आणि तो त्याच्या ओंजळीत अलगद यायचा. लायलपण बघायचा. मला त्याचं तोंड बघवत नसे. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघत होतो.

फक्त एकच भानगड होती. रेमीची हाक.

तिकडच्या लोकांचं बोलणंच ऐसपैस. तो 'सेऽऽट' म्हणायचा, मग मधे एवढी जागा सोडायचा की तेवढ्यात रश्श्याला फोडणी देऊन व्हावी, आणि मग सावकाश 'हट'. माझा हात त्या रिकाम्या जागेतच सुटायचा.

एप्रिलमध्ये हंगामाबाहेरचा एक सामना असतो, आपल्यातच खेळायचा, चढाई करणारे विरुद्ध अडवणारे. अख्खं गाव घोंगड्या घेऊन बघायला येतं. क्वार्टरबॅकला त्या दिवशी लाल जर्सी देतात. लाल जर्सीवाल्याला कुणी पाडायचं नाही, जीव जपायचा त्याचा, असा दंडक. मी त्याला हात न लावता पाडलं. रेमीनं हाक द्यायच्या आधीच चेंडू त्याच्या छातीवर आदळला आणि गवतात घरंगळला. तीनदा. पहिला चुकून गेला, शपथेवर सांगतो. दुसरासुद्धा बहुधा चुकूनच. तिसऱ्याचं मला आजही सांगता येत नाही.

"हाताला लोणी लावून आलास का रे?" कोच हॅल्व्हरसन रेमीवर ओरडले.

"पुढच्या वेळी धरतो, कोच," रेमी म्हणाला.

चूक माझी आहे, एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग लायलची पाळी आली, त्याचे चेंडू सगळे वेळेवर गेले. त्यानं फार काही केलं नाही, पण काही सांडलंही नाही.

दोन दिवसांनी कोचनी यादी लावली. प्रत्येक जागेसमोर एक नाव, आणि क्वार्टरबॅकसमोर लिहिलेलं, 'कुचेरा किंवा गिड्री'. मार्लीनकडे म्हातारी मंडळी सकाळी कॉफीला बसायची, त्यांना उन्हाळाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. लायल आत शिरला की कुणीतरी विचारणारच, "काय रे, किंवाच्या अलीकडे आहेस का पलीकडे?" कोचना विचारलं तर म्हणाले, "घोडामैदान लांब नाही. ऑगस्टमध्ये बघू."

जूनपासून कोचांनी आमच्या चेंडूच्या सरावाला फिरकायचं नाही, नियमच तसा आहे. उन्हाळा खेळाडूंचा. कोण येतं, कोण कुणाला बोलावतं, कुणाच्या मागे बाकीचे धावतात, हे बघायला वर आभाळ आणि बाजूला मका. कोचना दिसत नाही, पण ऑगस्टमध्ये ते आले की त्यांना एका नजरेत कळतं. आमच्याकडे क्वार्टरबॅक असाच ठरतो, तो ठरवावा लागत नाही.

सरावाच्या पहिल्याच दिवशी रेमी मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "गस, उद्या अर्धा तास लवकर येशील? आपण दोघंच."

"कशाला?"

"माझी हाक तुझ्या अंगात बसत नाही. एप्रिलमध्ये तीनदा बसली नाही."

"तुला कळलं होतं?"

"लेका, चेंडू माझ्या छातीवर आदळला. छातीला कळणार नाही?"

"मग कोचना का नाही सांगितलंस?"

त्यानं खांदे उडवले. "तू सांगशील म्हणून थांबलो. तू नाही सांगितलंस, मग मी तरी कशाला चुगली करू? शेवटी चेंडू मला तूच देणार आहेस."

त्यानं शिवी दिली असती तर मी सुखी झालो असतो.

मी जायला लागलो. लायलला बोललो नाही. साडेपाचला मैदानावर नदीचं धुकं असायचं, गुडघ्याएवढं, आणि मी त्यात ओणवा झालो की काहीच उरत नसे. वर धूसर गवत, खाली पांढरं, आणि त्यातून लांबून यावा तसा रेमीचा आवाज. 'सेऽऽट.' मग ती जागा. पहिले काही दिवस त्या जागेत माझा जीव घुसमटायचा. मग हळूहळू त्या जागेत काय काय ऐकू यायला लागलं. मक्याची पानं, पाण्याचा पाट, लांबच्या मालगाडीची धडधड, माझा स्वतःचा श्वास. मला वाटायला लागलं, इतकी वर्षं मी उगाच घाईत होतो. 'हट' यायचा आणि चेंडू त्याच्यासोबत जायचा, कुणी दिला कुणी घेतला कळू नये असा.

"आला बघ," रेमी म्हणायचा. "माझी आजी म्हणते, रस्सा ढवळणाऱ्याला घाई नसावी."

"तुझ्या आजीला सेंटर खेळायला पाठव."

"खेळेल ती. तुझ्याएवढीच आहे."

दुपारी मी बियाण्यांच्या गोदामात काम करायचो. उकाडा मरणाचा, पोत्यांवर टेकलं की डुलकी लागायची. एकदा स्वप्नात मी नदीत ओणवा होतो. पाणी घोट्याएवढं, आजूबाजूला क्रौंच उभे, आणि कुणीतरी मागून हाक देत होतं. मला वाटलं, लायल. पायांमधून मागे बघितलं, तर कुणीच नव्हतं, नुसतं आभाळ वाहत होतं. आणि तरी मी थांबलो होतो, पुढच्या शब्दासाठी, मजेत. जाग आली तेव्हा मूठ आवळलेली. लायलच्या विचारानं मला फार लाज वाटली.

जुलै संपत आला. संघातली पोरं आपोआप दोघांत वाटली गेली होती, पण सेंटर लायलच्या गावचा, म्हणजे लायलचाच, हे सगळे धरून चालले होते. लायलही. "गस आहे तोवर मला चिंता नाही," तो म्हणायचा, आणि मी मान डोलवायचो.

मग एका सकाळी मी पायांमधून बघितलं तर धुक्यात चार पाय होते.

लायल आला होता. रेमीच्या शेजारी उभा राहून तो माझ्याकडे बघत होता, कधीपासून कोण जाणे. मी उठायला लागलो.

"राहू दे, वाकूनच राहा," तो म्हणाला. मग रेमीला म्हणाला, "एक मी मागू?"

रेमी बाजूला झाला.

मी चेंडू धरला. हा आवाज मी दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होतो. माझ्या आईच्या आवाजापेक्षा त्याच आवाजाचं मी जास्त ऐकलं होतं.

"सेट-हट!"

माझा हात हलला नाही. तो वाट बघत होता. मक्याची पानं, पाणी, श्वास, आणि मग सगळं होऊन गेल्यावर चेंडू गेला. लायल रिकामे हात पुढे करून उभा होता, त्याच्या हातांपुढून वेळ निघून गेल्यावर चेंडू आला.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तसंच झालं.

तिसऱ्या वेळी मी दात आवळले, कान आवळले, आणि 'सेट' ऐकल्याबरोबर चेंडू फेकला. बरोबर वेळेवर गेला. लायलनं तो झेलला, दोन्ही हातांत फिरवून बघितला.

"हा तू दिलास," तो म्हणाला. "आधीचे दोन तुझ्या हातानं दिले."

"लायल, महिनाभर थांब फक्त. मी सकाळी तुझ्याबरोबर येतो, आपण..."

"गस." तो माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसला, म्हणजे पहिल्यांदा मला सरळ दिसला. "एप्रिलमध्ये याचे जे तीन पडले, ते तुझे होते ना?"

"हो," मी म्हणालो.

"मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "तुझ्या हाताचं मला कळणार नाही? मी बाकावर होतो, सगळं दिसत होतं. कोच याला ओरडत होते आणि मी मनात म्हणत होतो, अजून एक पडू दे." त्यानं रेमीकडे बघितलं. "रेमी, मी असा माणूस आहे बघ."

"मीपण म्हटलंच असतं," रेमी म्हणाला. "मोठ्यानं म्हटलं असतं."

लायल हसला, पण त्याचे डोळे भरले होते. सहा वाजत आले होते. धुक्यातून बाकीची पोरं यायला लागली, दोघंदोघं, जांभया देत. लायल उठला आणि त्यानं चेंडू रेमीच्या हातात दिला.

"रांग लावा रे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आजपासून रेमी हाक देईल. मी त्याच्या मागे आहे. आज कोचकडे जाऊन एप्रिलचं काय ते मी आणि गस सांगतो." पोरं खाली बघत रांगेला लागली. वर बघायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तो चालत जाऊन राखिवांच्या जागी उभा राहिला. ती जागा त्याला पाठ होती.

मला त्याच्यामागे धावत जावंसं वाटलं. त्याला मिठी मारून म्हणावंसं वाटलं, मी तुझाच आहे. पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं आमच्यात आधीच पुष्कळ झालं होतं. रेमीनं चेंडू माझ्यापुढे ठेवला. मी ओणवा झालो. सेंटरची एक सोय असते, रडला तरी कुणाला दिसत नाही. मागून सावकाश हाक आली, आणि चेंडू बरोबर वेळेवर गेला.