चार पूर्णांक शून्य

दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजचे तापमान एकोणीस दिवस चार पूर्णांक शून्य अंश होते. दर पाच मिनिटांना एक नोंद. नोंदी पाच हजार चारशे बहात्तर. एकही वेगळी नव्हती.

"काय रेघ आहे! पट्टीनं ओढल्यासारखी," तिच्या कंपनीतला भागीदार लॅपटॉपवर वाकून म्हणाला. "दहाव्या पानावर हीच टाकू."

तिने रेघ मोठी करून पाहिली. सकाळचे नऊ वाजले होते. अकराला गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण होते. फ्रीजवर लक्ष ठेवून या नोंदी घेणारे यंत्र तिने बनवले होते, आणि त्यापूर्वी चौदा वर्षे तिने प्रयोगशाळांची उपकरणे दुरुस्त केली होती. दार उघडले की फ्रीज तापतो, मिटले की निवतो. खऱ्या मोजमापाची रेघ थरथरते. या रेघेला थरथर नव्हती.

तिने नणंदेला फोन लावला. नणंद त्याच दवाखान्यात परिचारिका होती.

"वन्सं, फ्रीजचं दार दिवसातून किती वेळा उघडता?"

"दहा-बारा वेळा तरी. का गं?"

"तुमचा जुना काचेचा थर्मामीटर आत ठेवा. पंधरा मिनिटांनी बघा."

"तो? तूच तर म्हणालीस, यंत्र आलं, आता तो अडगळीत टाका. थांब, शोधते. पण तुझा आवाज का असा येतोय?"

पंधरा मिनिटे भागीदार शीर्षकाचा रंग बदलत बसला. "हा निळा जरा जास्तच निळा वाटतोय का गं?" सादरीकरणाची ही त्रेचाळिसावी आवृत्ती होती. एकोणीस दिवसांत दोघांनी ती रोज उघडली होती. यंत्राच्या नोंदी आज प्रथमच उघडल्या होत्या, तेही दहावे पान रिकामे राहिले म्हणून.

फोन वाजला. "अकरा दाखवतोय," नणंद म्हणाली, मग आवाज खाली आणून, "अगं, आठच्या वर जायचं नसतं ना?"

तिने पिशवी उचलली.

"वेड लागलंय का? कंपनीचा चेहरा तू आहेस!" भागीदार ओरडला.

"चेहरा तू हो आज. मला जाऊ दे."

ती पोचली तेव्हा नणंदेने सगळ्या कुप्या बर्फाच्या पेटीत हलवून वर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली होती. फ्रीजच्या दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात सुटले होते. बोट जाईल एवढी फट. फ्रीज तापण्याचे कारण ते. पण आठ अंश ओलांडताच यंत्राने शिटी मारायला हवी होती. ते गप्प का राहिले?

तिने तापमान मोजणाऱ्या संवेदकाचे टोक मुठीत धरले. पडद्यावर चार पूर्णांक शून्य. देवावर तिचा विश्वास नव्हता. तरी संवेदक बिघडलेला निघावा, अशी प्रार्थना तिने केली. तो बाहेरून विकत आणलेला होता. तिने त्याला मीटर जोडला. मुठीत तेहतीस अंश. संवेदक ठणठणीत होता. तारही शाबूत होती. उरली यंत्राची आज्ञावली, तिनेच लिहिलेला प्रोग्राम. तिने लॅपटॉप जोडला, आणि एका ओळीपाशी तिचे बोट थांबले. ओळीपुढे तारीख होती, एकोणीस दिवसांपूर्वीची.

तेवढ्यात भागीदाराचा फोन आला. कुजबुजत, पण हर्षाने. "ऐक, त्यांना सातवं पान जाम आवडलंय! तो फोटो, उघडा फ्रीज आणि वर यंत्राच्या पडद्यावर चार. म्हणतात, एवढी तयारी करून कुणी येत नाही."

"त्यांना सांग, यंत्र चुकलंय."

"काय? अगं, तसं पानच नाहीये आपल्याकडे!"

"मग पानं बंद कर आणि तोंडानं सांग."

नणंदेने नोंदवही उघडली होती. "एकोणीस दिवसांत एकतीस मुलांना लस दिलीय. सुरुवातीला फ्रीज ठीकही असेल गं. दार नेमकं कधी बिघडलं, ते काढ ना तुझ्या यंत्रातून."

"तेच तर त्यात नाहीये, वन्सं. सगळीकडे चारच आहे."

नणंदेने वहीतल्या नावांवरून बोट फिरवले. "मग एकतीसही. डॉक्टरही तेच म्हणाले, सगळ्यांना बोलवा. पुन्हा सुया. आया मला फाडून खातील."

"माझं नाव सांगा त्यांना."

"गप बस. फोन काढ. मी वरून लावते, तू खालून लाव. पण आधी हे भर." नणंदेने वही तिच्यापुढे सरकवली. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते 'कारण'.

तिने लिहिले:

"सातव्या पानासाठी फोटो काढताना फ्रीजचे दार उघडे होते, त्यामुळे आकडा चढत होता. फोटोत चार हवा, म्हणून मी यंत्राचा आकडा चारवर अडकवून ठेवला. फोटो झाल्यावर तो सोडवायला मी विसरले."