आल्सीड गिद्रीचा पिवळा रुमाल

आल्सीड गिद्री अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर होता. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा करायचा, हे त्याचं काम. ते तो चोख करायचाच, पण त्याची खरी ख्याती होती तोंडाची. सामन्याच्या आधी समोरच्या संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या घरची सगळी बित्तंबातमी तो काढून ठेवायचा. मग तो पोरगा चेंडू हातात घ्यायला वाकला, की समोरून आल्सीड अगदी आपुलकीनं विचारायचा, "काय रे, तुझ्या मावशीचं मांजर सापडलं का?" पोरगा क्षणभर बावचळायचा. तेवढा क्षण आल्सीडला पुरे असायचा.

लुइझियानाच्या दलदलीतलं बायू पॅरो हे त्याचं गाव. गावातल्या शाळेच्या संघातून तो कॉलेजात गेला, तिथून थेट व्यावसायिक संघात. तिसऱ्या मोसमात, उत्तरेकडच्या एका गारठलेल्या मैदानावर, तो नेहमीसारखा सुसाट धावत गेला आणि डोकं खाली घालून धडकला. एवढीच चूक. तो उताणा पडला. आभाळ दिसत होतं, लोकांचा गलका ऐकू येत होता, पण हात कुठे आहेत ते कळत नव्हतं. ज्याला पाडलं होतं तो वाकून विचारत होता, "ठीक आहेस ना?" आल्सीडला काहीतरी खोचक बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचलं नाही.

हात-पाय परत आले. मानेचे मणके मात्र धातूची पट्टी आणि स्क्रू घालून जोडावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाल, पळ, मासे पकड, लग्न कर. फक्त कुणाला धडकू नकोस."

"मग लग्न कसं करू?" आल्सीडनं विचारलं. बाई हसल्या. खोलीबाहेर पडल्यावर तो बराच वेळ जिन्यात बसून राहिला.

गावी परतला तर गावानं त्याचं जिवंतपणीच सुतक धरलं होतं. बायका गंबो नावाच्या घट्ट रश्श्याची पातेली घेऊन यायच्या आणि मयताच्या घरी बोलतात तशा हलक्या आवाजात बोलायच्या. पाद्र्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली. कट्ट्यावरची म्हातारी माणसं तो दिसला की अंत्ययात्रा दिसल्यासारख्या टोप्या काढायची. वैतागून आल्सीडनं थापा मारायला सुरुवात केली. एकाला सांगितलं, मगरीशी कुस्ती खेळताना मान गेली. दुसऱ्याला सांगितलं, चर्चमध्ये एका बाईकडे वळून बघताना. लोक तेही डोळे पुसत ऐकून घ्यायचे. थाप मारून कुणी चिडत नसेल, तर मारायची कशाला?

एकच माणूस टोपी न काढता आला. विल्बर्ट फाँतनो, शाळांच्या सामन्यांचा जुना पंच. शाळेत असताना आल्सीडनं त्याच्या नाकी नऊ आणले होते. एकदा तर त्याची शिट्टी पळवून तिच्यात तिखट सॉस भरला होता.

"बरा झालास म्हणे," विल्बर्ट ओसरीवर टेकत म्हणाला. "मानेबद्दल म्हणतोय. डोक्याची आशा मी केव्हाच सोडली."

आल्सीडला एकदम बरं वाटलं. "विल्बर्टकाका, जीभ अजून झोंबते का?"

"झोंबते. म्हणून तर आलोय सूड घ्यायला. आम्हाला पंच मिळत नाहीत. सगळ्या गावाच्या शिव्या खाऊन वर हसायचं, असलं काम कुणाला हवंय? मला तूच आठवलास."

आल्सीडनं गंमत म्हणून हो म्हटलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून आणि कुणी नियम मोडला की मैदानात टाकायचा पिवळा रुमाल कमरेला खोचून तो आसपासच्या गावांत पंचगिरी करू लागला. मान वळत नसल्यानं बाजूला बघायचं तर अख्खा माणूस वळायचा, एखादं कपाट सरकवावं तसा. पण खेळाडूंची एकूण एक लबाडी त्याला ठाऊक होती, कारण त्या सगळ्या त्यानं स्वतः केलेल्या होत्या. पोरांच्या जवळून जाताना तो हळूच म्हणायचा, "तू आता त्याचा शर्ट ओढणार आहेस. ओढ बापडा, रुमाल तयारच आहे माझा." पोरं दचकायची. त्याला पुन्हा मजा येऊ लागली.

पंचांना आपल्या गावचा सामना सहसा देत नाहीत. पण शेजारच्या पोर्त नोआरशी बायू पॅरोचा सामना होता त्याच दिवशी एक पंच तापानं फणफणला आणि विल्बर्टनं आल्सीडला उभं केलं. म्हातारा गालात हसत होता. त्याला कारण होतं. प्रेक्षकांत आल्सीडची आई बसलेली असणार होती.

ओडील गिद्री. नवरा गेल्यावर कोळंबीच्या होडीवर एकटीनं काम करून तिनं मुलगा वाढवला होता. वाऱ्यावर, इंजिनावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा तयार झाला होता, की एका काठावर बोलली तर दुसऱ्या काठावरचे बगळे उडायचे. पंच ही जमात तिच्या मते देवानं घाईत बनवली होती आणि ते ती दर शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या सामन्यात गावाला ऐकवायची.

त्या संध्याकाळी ती गप्प होती. ओठ घट्ट मिटून, पर्स मांडीवर धरून बसली होती. शेजारीण म्हणाली, "ओडील, तुला बरं नाहीये का?"

"माझा पोरगा आहे तो," ओडील दातांतून म्हणाली. "सहन करतेय."

शेवटच्या मिनिटांत बायू पॅरोचा पोरगा चेंडू घेऊन निसटला आणि पार शेवटच्या रेषेपलीकडे पोचला. गाव उठून नाचू लागलं. मागे मैदानावर मात्र पिवळा रुमाल पडला होता. आल्सीडनं टाकलेला. गावच्याच एका धिप्पाड पोरानं पोर्त नोआरच्या लाइनबॅकरला शर्टाला धरून ठेवलं होतं. "मला धरलं, मला धरलं," असं आल्सीड स्वतः वर्षानुवर्षं पंचांना ओरडून सांगत आला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं. आज त्यानं ऐकलं. गुण रद्द झाले.

मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत ओडील उठली.

"आल्सीड, मानेत एवढं लोखंड घातलंस, त्यातच दोन डोळेही बसवून घ्यायचे होतेस की."

गाव जागच्या जागी थिजलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं मैदान हसत सुटलं. त्याच्या मानेला आजवर कुणी हसलं नव्हतं.  शिट्टी दातांत धरून आल्सीडनं कसंबसं हसू दाबलं.

पण ओडीलच्या तोंडाचा पट्टा आता सुटला होता. ती पायऱ्या उतरली, कुंपणाचं फाटक ढकलून थेट मैदानात आली आणि पोरानं शर्ट कुठे धरला नव्हता ते जागेवर जाऊन दाखवू लागली.

आल्सीड कपाटासारखा वळला. "बाईसाहेब, मैदानाबाहेर व्हा."

"बाईसाहेब? तुझं नाक पुसलंय मी."

"त्याबद्दल आभारी आहे. बाहेर."

"आणि नाही गेले तर?"

"तर तुमच्या संघाला आणखी दंड. गावाला तुम्हीच समजवा."

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं, पर्स सावरली आणि मान ताठ ठेवून निघाली. बंदोबस्ताचा पोलीस तिचा चुलतभाऊच होता. तो दोन हात अंतर ठेवूनच मागून चालला. बाहेर जाऊन ती आपल्या गाडीच्या मागच्या हौद्यात चढली आणि सामना संपेपर्यंत कुंपणावरून बोलत राहिली.

बायू पॅरो हरलं. आल्सीड गाडीपाशी गेला तेव्हा ती स्टिअरिंग धरून समोर बघत बसली होती. तो शेजारी चढला.

"धरलं होतं ना त्यानं?" तिनं विचारलं.

"दोन्ही हातांनी."

"मला दिसलं होतं."

"मग एवढा आरडाओरडा कशाला केलास, आई?"

"सामना घरचा होता," ओडील म्हणाली आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानंही टोपी काढली नाही. एक म्हणाला, "आंधळ्या, रस्ता दिसतोय का, का हात धरू?" आल्सीड थांबला, सबंध वळला आणि त्याच्या जावयाच्या बुडालेल्या होडीची अगदी आपुलकीनं चौकशी करू लागला.